दोन भोकांचं पान

१

थोरला आठ दिवसांपासून फार शहाण्यासारखा वागत होता, आणि त्याच्या आईला, लाँड्रीच्या मालकीणबाईंना, ते मुळीच पटत नव्हतं.

शेहेचाळीस वर्षांचा हा माणूस जन्मल्यापासून कुरकुरत आला होता. कपड्यांची खळ घट्ट झाली की कुरकुर, पातळ झाली की कुरकुर. गिऱ्हाईक आलं की कुरकुर, नाही आलं की दुप्पट. आईने उजवं म्हटलं की याला डावं आठवायचं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही म्हण कोणीतरी याला बघूनच केली असावी. आता ती वापरायची सोय उरली नव्हती, कारण पाच आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी गाठीबरोबर त्याची डावीकडची अर्धी जीभ काढून टाकली होती. पण कुरकुरायला जीभ लागतेच असं नाही. भांडी आपटता येतात, पाठ फिरवता येते, भुवया तर देवाने दोन दिल्यात. ऑपरेशननंतरचे चार आठवडे थोरल्याने हे सगळं यथास्थित केलं होतं. आणि आता एकाएकी स्वतःच्या अंथरुणाची घडी स्वतः घालतो, बायकोने दिलेलं पातळ खाणं चमच्याचा आवाज न करता संपवतो, आईने काही विचारलं की मान डोलावतो!

"याला झालंय काय?" मालकीणबाईंनी सुनेला विचारलं.

"बरं झालंय, आई. रिपोर्ट चांगला आला ना."

रिपोर्ट चांगला आला होता, हे खरं. काढलेल्या गाठीचा तुकडा एका लांबच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. तिथे म्हणे गाठीतल्या जनुकांच्या खुणा तपासतात आणि गाठ परत उगवेल की नाही ते आकड्यात सांगतात. रविवारी लाँड्री बंद असते. त्या दिवशी सगळे इस्त्रीच्या मोठ्या टेबलाभोवती बसले, पाकीट फोडलं, आणि ऑफिसात टायपिंग करणाऱ्या लेकीने, थोरल्याच्या धाकट्या बहिणीने, वाचून दाखवलं: शंभरात अठरा. म्हणजे कमी. म्हणजे चांगलं. सून रडली, लेक रडली. मालकीणबाई रडल्या नाहीत. त्यांना काही वाटलंच नाही. वाटायचं ते ऑपरेशन थिएटरच्या दारात बाकावर बसून वाटून संपलं होतं. तेव्हापासून आत सगळं बधिर होतं, बर्फावर धरलेल्या बोटासारखं.

आज गुरुवार. सोमवारी डॉक्टरांना दाखवायचा म्हणून त्यांनी रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला घेतला. मालकीणबाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या होत्या. अक्षरं तोंडओळखीची होती, पण जोडीने उभी राहिली की परकी वाटायची. आकडे मात्र पक्के, कारण चाळीस वर्षं कपड्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या लावून पिना ठोकल्या होत्या. पहिलं पान छापील. मधल्या पानावर अठरा. शेवटच्या पानावर हिरव्यापासून लालपर्यंत एक रंगीत पट्टी आणि लाल टोकापाशी एक काळा बाण.

सवयीने त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. जुना कपडा घेण्याआधी कुठे विरलाय ते त्या असंच बघत.

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात चार भोकं होती. एकदा पिन मारलेली, काढलेली, मग पुन्हा मारलेली. शेवटच्या पानालाही चार.

मधल्या पानाला दोनच.

२

"पाकीट कुठंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

सुनेने ते जपून ठेवलं होतं. ती दोऱ्याचा तुकडासुद्धा टाकत नसे, आणि त्याबद्दल मालकीणबाईंनी तिचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. रविवारी पाकीट कडेने कापलं होतं, त्यामुळे चिकटवलेली झाप जशीच्या तशी होती. मालकीणबाईंनी ती वाकवली. चिकटवल्या जागी पापुद्रा तडकला आणि पांढरट भुगा पडला. पांढरट, पण नुसता पांढरा नव्हे. किंचित निळसर.

डिंक असा तडकत नाही. खळ तडकते. आणि खळीत नीळ कालवायची खोड गावात एकाच लाँड्रीला होती. ती खोड मालकीणबाईंनीच लावली होती.

म्हणजे प्रयोगशाळेवर बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. पाकीट या घरात उघडलं होतं, आणि याच घरात परत बंद केलं होतं.

"हे घरी कधी आलं?"

"गेल्या बुधवारी. आम्ही दोघं जाऊन घेऊन आलो. हे म्हणाले, रविवारी सगळे असतील तेव्हा उघडू. मी कपाटात ठेवलं."

"किल्ली?"

"कपाटालाच असते. तुम्हाला माहीतच आहे."

"बुधवार ते रविवार. नवऱ्याचं जगणं-मरणं कपाटात पडलेलं, आणि तू एकदाही उघडून बघितलं नाहीस? एवढी साधी कधीपासून झालीस गं?"

सुनेचा चेहरा उतरला. "तुम्हाला माझाच संशय येणार. वीस वर्षं झाली, साखर सांडली तरी माझाच येतो."

"साखर तूच सांडतेस. विचारलं त्याचं उत्तर दे."

"भीती वाटत होती, आई. कपाटाकडे बघायचीसुद्धा. त्यात माझे सगळे कपडे आहेत, तरी मी ते चार दिवस उघडलं नाही."

मालकीणबाईंनी तिच्या कपड्यांकडे बघितलं. त्यांना आठवलं. बुधवार ते रविवार सुनेच्या अंगावर निळं ठिपक्यांचं पातळ, मग दोरीवरचं पिवळं, मग पुन्हा निळं, पुन्हा पिवळं. इस्त्रीसुद्धा न केलेलं. तेव्हा त्यांनी टोमणाही मारला होता, की लाँड्रीवाल्याच्या बायकोने असं फिरायचं म्हणजे आमच्या दारात आमचीच पाटी उलटी लावणं. लोक तोंडाने खोटं बोलतात, पण चार दिवस चुरगळलेल्या कपड्यांत खोटं बोलायला फार लांबची अक्कल लागते. तेवढी सुनेला नव्हती.

"बरं," त्या म्हणाल्या. मालकीणबाईंच्या तोंडून सुनेला मिळालेली ही पहिली माफी होती, आणि सुनेला ती कळलीसुद्धा नाही.

"पण झालंय काय, आई?"

"ते उद्या डॉक्टरीणबाईंना विचारून सांगते. आणि हे बघ, घरात कोणाला म्हणजे कोणाला बोलायचं नाही."

३

"आजी, तुमची वेळ सोमवारची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आजी म्हणू नका. तुमचे कोट माझ्याकडे येतात, मालकीण म्हणा. आणि सोमवारपर्यंत थांबले असते, तर मुलाला रिक्षात घालून आणला असता. एकटी आलेय म्हणजे कामाशिवाय आले नाही." त्यांनी तिन्ही पानं टेबलावर मांडली. "हे बघा. आणि मला समजेल असं सांगा. जनुकं म्हणजे काय?"

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग मालकीणबाईंकडे, आणि खुर्चीत मागे टेकल्या. "शरीराच्या प्रत्येक कणात आत काहीतरी लिहिलेलं असतं. गाठीच्या कणात त्या लिहिलेल्यात काही खुणा सापडतात. कोणत्या खुणा आहेत त्यावरून गाठ कोणत्या स्वभावाची, ते कळतं."

"आम्ही कपड्याला आतून निशाणी घालतो, तसं. वरून दोन शर्ट सारखेच."

"अगदी तसंच. तुमच्या मुलाची गाठ मी पूर्ण काढली. मानेतल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या. वरून बघता पुढे काही करायची गरज नाही. पण अशाच दिसणाऱ्या काही लोकांची गाठ परत येते. म्हणून ही चाचणी. आकडा लहान आला तर घरी जा, तीन महिन्यांनी दाखवा. मोठा आला तर किरणांचा शेक द्यायचा. तीस वेळा."

"आणि मोठा आला म्हणजे माणूस संपला, असं नाही?"

"उलट! मोठा आकडा म्हणजे शेक दिला नाही तर गाठ परत येण्याची शक्यता मोठी. शेक दिला की ती बरीच खाली येते. तो आकडा ज्याला अजून काही करता येतं त्याच्यासाठीच असतो."

मालकीणबाईंच्या डोक्यात काहीतरी हललं. डाग राहिला म्हणून कपडा कोणी फेकत नाही. त्याला निळा दोरा बांधतात आणि दुसऱ्यांदा भट्टीत घालतात. हे या घरातल्या पोराटोरांनाही माहीत होतं.

"इथे तर अठरा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उत्तम. शेकाची गरज नाही."

"शेवटचं पान बघा. तो बाण लाल टोकाला कशाला उभा आहे?"

डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. त्यांनी बाणावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मी हे पान कधी उघडत नाही. आकडा बघते आणि पुढचा पेशंट बोलावते." त्यांनी फोन उचलला, पेशंटचा नंबर सांगितला, थांबल्या. पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं. त्यांनी ते कागदावर लिहून मालकीणबाईंकडे सरकवलं.

आकडा मालकीणबाईंना वाचता येत होता. अठ्ठ्याहत्तर.

कोणीतरी साताच्या जागी एक लिहिला होता. एवढंच. एका आकड्याची काडी.

"शेक कधीपर्यंत सुरू व्हावा लागतो?"

"ऑपरेशनपासून सहा आठवड्यांत. तुमच्या मुलाचे पुढच्या बुधवारी भरतात. सोमवारी ठरलं तर मंगळवारी तयारी करून बुधवारी सुरू करता येईल. त्यानंतर उशीर."

"आणि मी आज आले नसते तर?"

डॉक्टरीणबाईंनी अठराचं पान उलटं करून ठेवलं. सोमवारी त्यांनी अठरा वाचला असता आणि थोरल्याला हसून घरी पाठवला असता.

"शेवटचं विचारते," मालकीणबाई उठता उठता म्हणाल्या. "लहान आकडा म्हणजे घरी, मोठा म्हणजे शेक. हे तुम्ही आमच्या घरात कोणाला आधी सांगितलं होतं?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मालकीणबाईंनी कागद पिशवीत ठेवले, पिशवीची गाठ दोनदा मारली, आणि पायऱ्या उतरताना त्या कठड्याला धरून उतरल्या. कठडा गार आहे की गरम, ते त्यांना कळलं नाही.

४

लाँड्रीच्या काउंटरवर एक पाटी होती: रंग गेल्यास आम्ही जबाबदार नाही. लेकीने ती ऑफिसातून छापून आणली होती. पाटीच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक करडी रेघ होती. मालकीणबाईंनी ती पहिल्याच दिवशी बघून म्हटलं होतं, की रंग जाण्याबद्दलची पाटी आणि तिच्यावरच डाग. गिऱ्हाईक काय म्हणेल? लेक म्हणाली होती, मशीनच जुनं आहे, प्रत्येक कागदावर येते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत लेक आली. तिचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. मालकीणबाईंनी तिला काउंटरच्या आत घेतलं, पाटी खिळ्यावरून काढली आणि रिपोर्टचं मधलं पान तिच्याशेजारी ठेवलं. दोन कागद. दोन्हीच्या उजव्या कडेला तीच करडी रेघ.

लेक बघत राहिली. मग हळूच स्टुलावर बसली.

"प्रयोगशाळेतलं मशीन आणि तुझ्या ऑफिसातलं मशीन, सख्ख्या बहिणी का गं?"

"आई..."

"रंगीत पान का नाही बदललंस?"

"आमच्याकडे रंग नाही छापता येत." हे म्हणाली आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"हं. बोल आता."

"दादाने बुधवारी संध्याकाळी बोलावलं. पाकीट त्यानेच वाफेवर धरून उघडलं होतं. मला म्हणाला, आकडा वाईट आलाय. आता काही होण्यासारखं नाही. डॉक्टरसुद्धा काही करणार नाहीत. मग आईला कशाला जाळायचं? तिला चार-सहा महिने सुखाने झोपू दे." लेकीला हुंदका आला. "तुझ्यासाठी केलं गं, आई. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं."

"मला झोप येत नाही, असं कोण म्हणालं त्याला?"

"अगं, तुझी झोप उडू नये म्हणूनच खोटा कागद..."

"काही होण्यासारखं नाही, हे त्याने सांगितलं आणि तू मानलंस. कोणाला विचारलंस?"

"कोणाला विचारणार? मोठा आकडा म्हणजे..." लेक थांबली. "म्हणजे वाईटच ना?"

मालकीणबाईंनी तिला सांगितलं. अठरा म्हणजे काय, अठ्ठ्याहत्तर म्हणजे काय, आणि बुधवार म्हणजे काय. कपड्यांची यादी वाचावी तसं, एकेक करून, आवाज न चढवता. ऐकताना लेकीच्या ओठांचा रंग गेला.

"मी त्याला मारत होते," ती म्हणाली. "टाईप करून."

"मारत होतीस. पण तुला माहीत नव्हतं." मालकीणबाईंनी पाटी परत खिळ्यावर टांगली. तिरकी झाली, ती सरळ केली. "ज्याला माहीत होतं तो आत टॉवेलांच्या घड्या घालतोय. खरं पान कोणाकडे आहे?"

"दादाकडे."

"तोंड धू आणि ऑफिसला जा. सुट्टी संपली."

५

थोरला मागच्या खोलीत होता. त्याच्यासमोर हॉटेलच्या टॉवेलांचा ढीग, आणि तो एकेक टॉवेल तीन घड्यांत घालून रचत होता. कोपरे कोपऱ्यांना लागत होते. मालकीणबाई समोर बसल्या आणि त्यांनीही एक टॉवेल उचलला. बराच वेळ दोघांचे हात चालत राहिले.

"मधल्या पानाला दोन भोकं," शेवटी मालकीणबाई म्हणाल्या. "पाकिटाला आपली खळ. पान तुझ्या बहिणीच्या मशीनचं. एवढ्यावरून ती सापडली. तुला पकडायला कागद लागला नाही."

थोरल्याने पुढचा टॉवेल ओढला.

"रिपोर्ट रविवारी फोडला. चांगला आला म्हणून तू सुधारलास, असं तुझी बायको म्हणते. पण तू बुधवारपासून शहाणा झालायस. त्या दिवशी दुपारी पाकीट आलं आणि संध्याकाळी तू खाणं मुकाट्याने खाल्लंस, ते मी बघितलं. न फोडलेल्या पाकिटातलं तुला आधीच कळलं होतं. आणि चाचणीला पाठवताना डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा समोर एकटा तू होतास. लहान म्हणजे घरी, मोठा म्हणजे शेक. बहिणीला तू उलटं सांगितलंस. तिला वाटलं ती मला वाचवतेय. तू तिच्याकडून शेक चुकवून घेत होतास."

थोरल्याचे शब्द आता ओल्या कपड्यांसारखे पडत, जड आणि आकार नसलेले. परक्याला त्यातलं काही कळलं नसतं. मालकीणबाईंना सगळं कळत होतं.

"तीस वेळा, आई," तो म्हणाला. "तोंडावर जाळी घट्ट बांधतात. थुंकी आटते. दात जातात. गिळायचं म्हणजे काचा गिळल्यासारखं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सांगितलंय मला सगळं. आणि एवढं करून तरी गाठ परत येणारच नाही, असं आहे?"

"नाही. तसं लिहून कोणी देत नाही."

"मग?"

"मग काय?"

"मी दमलोय." त्याने टॉवेल खाली ठेवला. "नको म्हणालो असतो, तर तुम्ही ऐकलं असतंत? बायको पाया पडली असती. धाकटीने रडून घर डोक्यावर घेतलं असतं. आणि तू कानाला धरून नेलं असतंस."

"नेलं असतं," मालकीणबाई म्हणाल्या.

"म्हणून."

बाहेर काउंटरवर सून कोणाला तरी चिठ्ठी हरवल्याबद्दल झापत होती. भट्टीतलं पाणी उकळत होतं. मालकीणबाईंनी वाट बघितली, की आता आत काहीतरी फुटेल, राग येईल, निदान रडू येईल. काही आलं नाही. त्यांनी टॉवेलाची तिसरी घडी घातली आणि तो रचला. हात पुढे केला.

थोरल्याने खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलगडून बघितला नाही. आकडा माहीत होता.

"आता ऐक," त्या म्हणाल्या. "एकदाच सांगणार. तुझं तोंड तुझं, तुझं दुखणं तुझं, आणि जगायचं की नाही तेही तुझं. शंभरातले अठ्ठ्याहत्तर कोण आणि उरलेले बावीस कोण, ते त्या कागदावर लिहिलेलं नाही. त्यातला तू कोण, ते मलाही माहीत नाही. म्हणून मी तुला कानाला धरून नेणार नाही. पण तू अडाणी आईला खोटा कागद ऐकवलास, तोही बहिणीच्या तोंडून. उद्या तू गेला असतास आणि तिला खरं कळलं असतं, तर ती जन्मभर आपल्या बोटांकडे बघत बसली असती. दमलेल्या माणसाला झोपायची मुभा आहे, दुसऱ्याच्या गळ्यात दगड बांधून झोपायची नाही. हा तुझा गुन्हा, आणि त्याची शिक्षा मी देतेय. सोमवारी हे पान घेऊन तू डॉक्टरीणबाईंसमोर बसशील. एका बाजूला बायको, एका बाजूला बहीण, मागे मी. शेक हवा असेल तर हो म्हण, नको असेल तर नको म्हण. मान हलवून नाही, लिहून नाही. जेवढी जीभ उरलीय तेवढ्या जिभेने, त्या दोघींना ऐकू जाईल असं. आणि नको म्हणालास तर मी तुला घरी घेऊन येईन आणि त्यावर एक शब्द बोलणार नाही. मी गप्प बसलेली तू आजवर कधी बघितली नाहीस. तेही बघ."